पालथा नकाशा

आमच्या ऑफिसात भिंतीला खिळा ठोकायची कुणाची टाप नव्हती. दिवाळीनंतर व्यापारी कॅलेंडरं आणून द्यायचे, ती टेबलावर रजिस्टरांना टेकवून उभी ठेवावी लागत आणि पंख्याचा वारा आला की सगळे महिने कोलमडून पडत. एकदा हेडक्लार्कांनी हिंमत करून आपल्या खुर्चीमागे एक खिळा मारलाच. दुपारी जेवून परत येतात तो खिळा टेबलावर काढून ठेवलेला, आणि त्याखाली चिठ्ठी: ‘हा तुमच्या पाठीत मारला तर चालेल काय?’ भोक बुजवून, वर रंगाचा हात मारून ओवरसियर निघूनही गेले होते.

हे ओवरसियर म्हणजे खामगावातल्या वीज कंपनीची इमारत ज्यांनी उभी केली ते. कंपनी खाजगी होती. इमारत पुरी झाली तेव्हा खरं म्हणजे त्यांचं कामही संपलं होतं, पण खांब आणि सबस्टेशनच्या खोल्या बघायला म्हणून कंपनीने त्यांना ठेवून घेतलं. ते ती कामं चोख करत आणि उरलेला सगळा जीव इमारतीत घालत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. अंगात खाकी पँट, डोक्यावर उन्हाने तपकिरी पडलेली सोला हॅट आणि शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी, पाणसळ. पाणसळ म्हणजे गवंड्यांची बुडबुड्याची पट्टी. ती आडवी ठेवली की बुडबुडा मधोमध आला पाहिजे, नाहीतर खालची वस्तू कललेली. ओवरसियर ती पट्टी कुठेही ठेवून बघायचे. टेबलावर, बाकावर, चहाच्या टपरीच्या फळीवर. पुढे माझं लग्न झालं तेव्हा ते मांडवात आले, स्टेजवर चढले आणि आहेराचं पाकीट हातात द्यायच्या आधी वाकून पाणसळ फळीवर ठेवली.

“एक सूत पूर्वेकडे कललं हाय,” म्हणाले, “पण संसाराले चालते.” तरी त्यांच्याने राहवलं नाही. नवरा-नवरी वर उभी असताना ते खाली वाकून पाचर मारत होते. फोटोत त्यांची फक्त हॅट आली आहे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तो माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी अमडापूरची. मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि खामगावला मामाकडे राहून या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. माझे बाबा गावात कोतवाल होते. तहसिलीत त्यांचा उभा जन्म गेला, पण त्यांना कचेरीचा मागचा दरवाजा तेवढा ठाऊक. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली तरी ही एक सवय त्यांच्या अंगातून गेली नव्हती. निघताना त्यांनी मला बजावलं, “नव्या जागी आधी मांगून जाजो. कोणाले तरी इचारजो. मंग आत पाय टाकजो.”

म्हणून मी त्या दुमजली पांढऱ्या इमारतीला वळसा घालून मागे गेले. तिथे हॅटवाले एक गृहस्थ पावसाळी पाइपाला कान लावून उभे होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “कोठी चालली वो बाई?”

“रुजू व्हायचंय. टायपिस्ट आहे मी.”

“टायपिस्ट. म्हंजे वायरचं बंडल नाई तू?”

मला काही कळेना. मी मान हलवली.

“मंग या दरवाजानं काऊन जाऊन राह्यली? हा बंडलांसाठी हाय. माणसासाठी म्या समोर पायऱ्या बांधल्या. अकरा बांधल्या. चाल.”

ते मला पुढे घेऊन आले आणि पायऱ्यांपाशी थांबले. म्हणाले, “चढ. आन वर गेल्यावर सांग, दम लागला काय.”

दम लागला नव्हता. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला अख्खी इमारत दाखवली. गच्चीपर्यंत. सिमेंटच्या जाळ्या, खिडक्यांवरचे लांब छज्जे, गोल वळलेला कोपरा. तो कोपरा गोल आणण्यासाठी गवंड्याने तीनदा पाडून चौथ्यांदा बांधला होता. मी आपली घड्याळाकडे बघत मागे मागे. हेडक्लार्कांच्या टेबलापाशी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

“पहिल्याच दिवशी उशीर?” हेडक्लार्क म्हणाले.

“उशीर कायचा?” ओवरसियर माझ्या मागून म्हणाले. “बाई दहा वाजल्यापासून इमारतीतच हाय. मीच साक्षीदार.”

त्या दिवसापासून मी कुठल्याही कचेरीत समोरून जाते.

त्या अकरा पायऱ्यांची हकीकत त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि दरवेळी मी ती आवडीने ऐकली. आमच्याकडची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वर बांधलेलं सगळं हलवते. म्हणून ओवरसियरांनी मुरूम लागेपर्यंत पाया खणला आणि जोतं चांगलं उंच घेतलं. मुंबईच्या आर्किटेक्टने तेवढ्या उंचीला सात पायऱ्या काढल्या होत्या. ओवरसियर हातात फूटपट्टी घेऊन आठवड्याच्या बाजारात जाऊन बसले. म्हाताऱ्या बाया ओट्यावर चढताना पाय किती उचलतात, कुठे गुडघ्यावर हात ठेवतात, ते त्यांनी एकामागून एक चार बाजार बघितलं. एका बाईने त्यांना शिव्याही दिल्या. आणि मग त्यांनी सातच्या अकरा पायऱ्या केल्या, ठेंगण्या आणि ऐसपैस.

“माणूस धापा टाकत साहेबापुढं गेला का निम्मा तठीच हारला,” ते म्हणायचे. “त्याले पयले पाणी मांगा लागते. मंग काम सांगतानी आवाज निंगत नाई. म्हणून दम लागला नाई पाह्यजे.”

दुसरी त्यांची लाडकी गोष्ट म्हणजे हॉलमधली वीज. लोक अर्ज द्यायला येत त्या मोठ्या हॉलच्या फरशीत त्यांनी पितळी पट्ट्या बसवून आकाशातली वीज काढली होती, नागमोडी, दारापासून काउंटरपर्यंत. खेड्यातले लोक ती ओलांडून जात. कुणी वाकून नमस्कार करी. ओवरसियर हॉलमध्ये असले की पुढे होऊन स्वतः तिच्यावर उभे राहत आणि दोन्ही पाय आपटून दाखवत.

“द्या पाय, बिनधास्त द्या. यातनी करंट नाई. करंट तिकडं साहेबात हाय.”

तिकडचे साहेब, म्हणजे कंपनीचे मॅनेजर, हे ऐकून सोडून देत. त्यांना दुसरं मोठं दुःख होतं. त्यांची खोली इमारतीच्या पश्चिम टोकाला होती आणि उन्हाळ्यात ती भट्टी व्हायची. वाळ्याचे पडदे लावले, पडद्यांवर पाणी मारायला एक माणूस ठेवला, पंखे दोन केले, तरी दुपारी तीननंतर साहेब सदऱ्याची बटणं सोडून बसत आणि खामगावच्या हवेला नावं ठेवत. इकडे पूर्वेच्या टोकाला, लोकांच्या हॉलमध्ये, भर वैशाखात माठाजवळ बसल्यासारखं वाटे. हा योगायोग आहे असंच आम्ही सगळे समजत होतो.

मग एका उन्हाळ्यात कंपनी सरकारी वीज मंडळाकडे गेली. खांबांपासून खुर्च्यांपर्यंत सगळ्याची मोजदाद सुरू झाली. मंडळाकडून ताबा घ्यायला एक तरुण इंजिनिअर साहेब आले, पुण्याकडचे. बारीक अंगाचे, अतिशय सरळ, शिस्तीचे. मॅनेजर नोकरी सोडून गेले होते, त्यामुळे त्यांना पश्चिमेची तीच खोली मिळाली. जुन्या माणसांपैकी कोणाला मंडळात घ्यायचं, कोणाला नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं, आणि अहवाल टाइप करणार होते मी. ओवरसियरांच्या पेन्शनीला चार वर्षं उरली होती. सगळे साहेबांपुढे जपून बोलत. ओवरसियर पहिल्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर पाणसळ ठेवून तपासून आले.

चौथ्या की पाचव्या दिवशी साहेबांना रेकॉर्डात एक पत्र्याची लांब नळी सापडली. आत इमारतीचा मूळ नकाशा होता, मुंबईहून आलेला, पातळ ट्रेसिंगच्या कागदावर. साहेबांनी तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले आणि एकेक खोली मोजून खूण करू लागले. मी समोर पॅड घेऊन बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून पुसला. परत नकाशा बघितला. मग खिडकीबाहेर बघितलं.

“मी आत्ता कुठे बसलो आहे?” त्यांनी मला विचारलं.

“आपल्या खोलीत, साहेब.”

“नकाशाप्रमाणे मी पब्लिक हॉलमध्ये बसलो आहे,” साहेब म्हणाले. “नकाशात हॉल पश्चिमेला आहे आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या पूर्वेला. ही इमारत उलटी आहे! ओवरसियरांना बोलवा.”

ओवरसियर आले. हॅट काढून हातात धरली. नकाशा दिसताच त्यांचा चेहरा असा उजळला की जणू जुना मित्र भेटला.

“हे तुम्ही बांधून घेतलंत?”

“हो साहेब.”

“मग ही अदलाबदल कशी झाली?”

मला वाटलं, आता म्हणतील, गवंड्याची चूक, कंत्राटदाराची चूक. कोणीही तेच म्हणालं असतं.

“झाली नाई साहेब, म्या केली,” ओवरसियर म्हणाले. “कागद पारदर्शी हाय ना. म्या पालथा घातला. मांगून बी रेघा दिसतेच. अक्षरं तेवढी उलटी येते, ते म्या नवीन लिहून काढले आन त्याच्यावरून गवंड्यासाठी छापाचे नकाशे काढले. कोणाले समजलं नाई.”

साहेबांनी चष्मा पुन्हा काढला. “पण का?”

“नकाशा मुंबईत काढला साहेब. ऊन खामगावात पडते.” ते खिडकीपाशी गेले. “जागा मोकळी होती तवा मी वैशाखाचा पुरा महिना अठी खुंट्या रोवून सावल्या पाह्यल्या. ह्या टोकाले दोन वाजल्यापासून जे ऊन येते ते दिवस बुडेतोवर हालत नाई. आन लोकं येते कवा? सकाळी गावाहून निंगते, बारा-एकले पोचते, मंग चारपर्यंत बसते. सगळं ऊन त्याइच्याच डोक्शावर.”

“आणि आमच्या डोक्यावर आलेलं चाललं?”

“तुमच्या डोक्शावर पंखा हाय साहेब. पडद्यावर पाणी मारणारा माणूस हाय. त्याइच्या डोक्शावर नुसती टोपी.”

मी पॅडमध्ये तोंड खुपसलं. साहेब मात्र हसले नाहीत. कपाळावरचा घाम पुसून शांतपणे म्हणाले, “हे तुम्ही कंपनीला विचारायला हवं होतं.”

“इचारलं असतं तर नाई म्हटलं असतं ना!”

“शनिवारी माझा अहवाल जाणार आहे. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही, हा त्यात एक रकाना आहे. मी खोटं लिहीत नसतो.”

“लिहूच नोका साहेब,” ओवरसियर म्हणाले आणि हॅट घालून निघून गेले.

त्या दुपारी मी डबा न उघडताच उठले. ओवरसियर पावसाळ्याआधी गच्चीवरच्या पन्हळी साफ करत होते तिथे मी गेले. म्हटलं, “काका, साहेबांना एकदा भेटा. माफी मागा. चार वर्षांवर पेन्शन आहे.”

“कायची माफी मांगू बाई?” हातातला पालापाचोळा घमेल्यात टाकत ते म्हणाले. “चुकलं असतं तर मांगतली असती. मले सांग, हॉलात गरम होते काय तुले?”

“नाही.”

“झालं मंग.” आणि ते परत पन्हळीत वाकले. गुणगुणतही होते. मला त्यांचा रागच आला. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

शुक्रवारी ऊन फारच पेटलं होतं. तीन वाजता पडद्यांवर पाणी मारणारा माणूस तापाने घरी गेला, आणि साहेबांच्या खोलीच्या दाराच्या पितळी मुठीला हात लावला तर चटका बसत होता. साहेब कागद घेऊन स्वतःच माझ्याकडे निघाले. माझं टेबल हॉलच्या कोपऱ्यात होतं. ते हॉलच्या दारात आले आणि तिथेच थांबले. आत चाळीसेक माणसं बसलेली होती. कोणी अर्ज लिहून घेत होतं, कोणी शिदोरी सोडलेली. जाळीतून वारा येत होता. साहेबांनी सदऱ्याची कॉलर जरा सैल केली.

भिंतीकडच्या बाकावर एक म्हातारी बाई पाय वर घेऊन, डोक्याखाली गाठोडं ठेवून ऐसपैस टेकली होती. साहेब तिच्याजवळ गेले.

“आजी, कुठून आलात?”

“धामणगाव बढ्याहून.” म्हातारी उठून बसली.

“फार वेळ झाला का बसून? तुमचं काम कोणाकडे आहे?”

“काम नाई रे बापा. पोरगं बाजारात गेलं बियाणं घ्याले. मी तवरक अठी थंडाव्याले बसली.”

“इथे? ऑफिसात?”

“मंग! मागच्या वक्ती मोटारीच्या कनेक्शनसाठी आली होती तवा पाह्यलं म्या. आता खामगावले आली का अठीच बसतो. कोणी ऊठ म्हणत नाई.” मग तिने साहेबांकडे नीट बघितलं. “तू बी बस ना. किती घामाघूम झालास. कोण्या गावचा तू?”

साहेब बसले. खरंच बसले, तिच्या शेजारी, मांडीवर फाइल घेऊन. म्हातारीने गाठोड्यातून भाजलेल्या शेंगा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. मोटारीला कनेक्शन मिळालं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने हाव म्हणून सांगितलं आणि विहिरीला पाणी किती, संत्र्याची रोपं कुठून आणली, सगळं सांगत बसली. अर्धा तास गेला असेल. मी टायपिंग थांबवून बघत होते, हेडक्लार्क बघत होते, आणि वरच्या जिन्यात ओवरसियर उभे होते. ते साहेबांकडे बघत नव्हते. बाक हलतो काय ते बघत होते.

शनिवारी साहेबांनी मला मजकूर सांगायला घेतला. खांब झाले, तारा झाल्या, फर्निचर झालं. मग इमारतीचा रकाना आला. साहेब उठले. ट्रेसिंगचा कागद पेपरवेटांखालून काढला, दोन्ही हातांनी उचलला, पालथा केला आणि पुन्हा टेबलावर पसरला. बोटाने एकेक खोली तपासली. सगळं वेळ घेऊन, नेहमीच्या काटेकोरपणे.

“लिहा,” ते म्हणाले. “‘मंजूर नकाशा पालथा ठेवून पाहिला असता इमारत त्याच्याशी तंतोतंत जुळते. बांधकाम उत्कृष्ट आहे.’”

माझा हात थांबला.

“काय झालं? यात खोटं काय आहे?”

“काही नाही साहेब.”

“मग टाइप करा. आणि पुढे लिहा, ‘ओवरसियर यांची सेवा मंडळास अत्यंत आवश्यक आहे.’” ते खुर्चीत बसले, लगेच उठले. खुर्ची तापली होती. “आणि त्यांना सांगा, पुढच्या उन्हाळ्याच्या आत या खोलीला काय करायचं ते करा. भिंतीला खिळा मारावा लागला तरी चालेल.”

मी कागद यंत्रातून काढला आणि तशीच धावत गच्चीवर गेले. ओवरसियरांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग हॅट काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “पोरगं हुशार हाय. नकाशा वाचता येते त्याले.” एवढं बोलून ते इतके हसले की खाली उतरताना त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांनी पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर सिमेंटचे उभे पडदे उभारले, आणि साहेबांची खोली बसण्याजोगी झाली. साहेब तरी रोज दुपारी तासभर हॉलमध्येच येऊन बसत. त्या तासात लोकांची जितकी कामं व्हायची तितकी दिवसभरात होत नसत.

चार वर्षांनी ओवरसियर निवृत्त झाले. हार, शाल, नारळ, भाषणं झाली. त्यांनी भाषण केलं नाही. साऱ्यांना गच्चीचं पाणी वेळच्या वेळी काढायला सांगितलं आणि पायऱ्या उतरून गेले. आम्ही सगळे फार हळवे झालो होतो. मला तर त्या रात्री वाटलं, उद्या त्यांचा दिवस कसा जाणार?

दुसऱ्या दिवशी हॉल उघडला तेव्हा पहिल्या बाकावर ते बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, कोट, डोक्यावर टोपी. हॅट नव्हती, म्हणून मी क्षणभर ओळखलंच नाही. हातात कागद होता. तोवर मी नव्या कनेक्शनच्या काउंटरवर आले होते.

“काका? काही राहिलं का?”

“नाई. अर्ज द्याले आलो. घरी वीज पाह्यजे.”

तेव्हा आम्हाला कळलं की इतकी वर्षं वीज कंपनीत घालवलेल्या या माणसाच्या खोलीत कंदील होता. दिवसभर इमारतीत असतो, घरी फक्त झोपायला जातो, मग वीज कशाला, असा त्यांचा हिशोब. आता घरी बसायचं म्हणजे दिवा हवा.

“द्या इकडे, आत्ता करून देते.”

“असं कसं? माह्या पुढं लोकं हायेत ना,” ते म्हणाले. “नंबरानं घे.”

मी नंबराने घेतलं. त्यांचा नंबर आला तेव्हा हाक मारली. ते उठले नाहीत. शेजारच्या माणसाला म्हणाले, “तुम्ही जा आधी. मले घाई नाई.” पुन्हा हाक मारली, पुन्हा दुसऱ्या कोणाला पाठवलं. मग मी हाक मारणं सोडून दिलं. ते बाकावर मागे टेकून बसले होते, टोपी मांडीवर, पाय पितळेच्या विजेवर सरळ पसरलेले. दुपार झाली, लोक आले-गेले, जाळीतून वारा येत राहिला. मध्येच त्यांना डुलकी लागली. शिपाई उठवायला निघाला, त्याला मी हाताने थांबवलं.